आत येणाऱ्या हवेचा रकाना

कारखान्यात तिला सगळे माळीणबाई म्हणत. बाग कुठे होती म्हणाल, तर कारखान्याच्या मागच्या भिंतीला लागून सिमेंटचा एक हौद होता, दोन खोल्या मावतील एवढा, आणि त्यात छातीच्या उंचीपर्यंत झाडाची साल, लाकडाचे तुकडे आणि कुजवलेलं खत भरलेलं होतं. ना फूल, ना पान. त्या हौदाला सगळे वाफा म्हणत, म्हणून ती माळीण. "काय माळीणबाई, आज गुलाब किती आले?" असं रोज कोणीतरी विचारायचंच, आणि ती तितक्याच गंभीर चेहऱ्याने सांगायची, "आले होते हो भरपूर, जंतूंनी खाल्ले."

जंतू खरंच होते. कारखाना प्लास्टिकच्या पिशव्यांवर छपाई करायचा. रंग पातळ करायला थिनर, मशीनचे रूळ पुसायला थिनर, शेवटी हात धुवायलाही थिनर. त्याची वाफ हॉलभर कोंदून राहायची. ती हवा पंखा एका जाड पाइपातून ओढून घ्यायचा, मग ती उंच पिंपात पाण्याच्या फवाऱ्याखालून ओली होऊन निघायची आणि वाफ्याच्या तळाशी सुटायची. सालीच्या भेगाभेगांत डोळ्यांना न दिसणारे जंतू राहतात आणि ते थिनर खातात. हो, खातात, तुम्हीआम्ही जेवतो तसे. त्यांचं जेवण झालं की वर येते ती नुसती ओलसर हवा, लाकडाच्या वखारीत येतो तसा वास असलेली.

पण हा वाफा कोणासाठी बांधला, ते आधी ऐका. भिंतीपलीकडे नवी घरं झाली, गॅलऱ्यांत कुंड्या ठेवलेली, दारात गाड्या लावलेली. तिथल्या लोकांना वास आला. त्यांनी सह्या गोळा केल्या, अर्ज केले, साहेबलोक पाहणीला आले, आणि वर्षाच्या आत वाफा उभा! आत हॉलमध्ये तीस माणसं अठरा वर्षं तोच वास घेत होती. त्यांच्या नाकाची तक्रार कोणी लिहून घेतली नव्हती. खरं सांगायचं तर त्यांनीही ती कधी केली नव्हती. डोकं दुखलं की गोळी घ्यायची आणि परत मशीनवर उभं राहायचं, एवढंच त्यांना माहीत.

त्या तिसांत तिचा नवरा होता. त्याला रंगारी म्हणत. नमुन्याची पिशवी उजेडात धरायची, एक डोळा बारीक करायचा आणि म्हणायचं, "निळा जरासा, पिवळा थेंबभर." रंग जुळलाच म्हणून समजा. सगळ्यात जुनं मशीन त्याच्याकडे, आणि त्याचा त्या मशीनवर असा जीव की कोणी त्यावर डबा ठेवला तरी याच्या कपाळाला आठी. ती त्याच हॉलमध्ये झाडू मारायची. वाफा झाला तेव्हा खतात हात कोण घालणार, म्हणून एकूणएक जणांनी हात वर केले. ती म्हणाली, "मी घालते. झाडू मारून तरी कुठे हात सुगंधी झालेत?"

वाफा बांधणारा इंजिनिअर म्हातारा होता, निम्मं बोलणं खोकल्यात जायचं त्याचं, पण शिकवायची हौस दांडगी. "मूठ भरून घ्या, बाई. दाबा. बोटांतून पाणी गळलं तर ओल जास्त. मूठ उघडल्यावर भुगा सांडला तर कमी. गोळा तसाच राहिला आणि तळहात नुसता ओला झाला, तर समजायचं मंडळी खूश आहेत." मंडळी म्हणजे जंतू. "आणि यांना उपाशी ठेवायचं नाही. सुट्टीतसुद्धा नाही."

झालं, तिने ते मनावरच घेतलं! वर्षातून दहा दिवस कारखाना बंद असायचा. सगळे घरी लोळत पडायचे, आणि ही बाई रोज सकाळी जाऊन पाइपाच्या तोंडाशी थिनरमध्ये भिजवलेल्या चिंध्या ठेवायची आणि तासभर पंखा चालवायची. लेक वैतागायची. "आई, माणसं सुट्टीवर आणि तू जंतूंना वाढायला निघालीस?"

"मग काय मुक्या जिवांना उपाशी मारू?" ती म्हणायची, आणि रंगारी हसून हसून बेजार व्हायचा.

इंजिनिअरने तिला एक वहीही दिली होती. तिच्यात पाच रकाने होते. ओल, तापमान, आत येणारी हवा, बाहेर जाणारी हवा, आणि शेवटी वास, आहे की नाही. हवेत थिनर किती, ते आकडे हातातल्या छोट्या मीटरवर यायचे. आधी पाइपाच्या भोकाशी धरायचा, मग वाफ्याच्या माथ्यावर. शाळा तिची सातवीत सुटलेली, पण अक्षर मोत्यासारखं. आत येणारी हवा अडीचशे, बाहेर जाणारी दहाच्या आत, असं ती रोज ओळीने लिहायची. वहीत एक खाडाखोड नाही. रंगारी कोणालाही ती वही दाखवायचा. "बघा, आमच्या घरात शिकलेलं माणूस आहे."

दुसऱ्या वर्षी उन्हाळा फार कडक आला. पंखा दिवसभर हवा ढकलत होता, आणि ती कितीही पाणी मारो, वाफा कडेने सुकायला लागला. सुकला की भेगा पडतात, आणि भेग मिळाली की हवा तिथूनच सटकते, जंतूंच्या तोंडीच लागत नाही. बाहेर जाणाऱ्या हवेचा आकडा चाळीसवर गेला, मग साठवर. ती थेट मॅनेजरकडे गेली. "साहेब, पंख्याची झडप अर्धी बंद करा. एवढा वारा लागला तर माझा वाफा मरेल."

"अगदी मनातलं बोललात," मॅनेजर म्हणाला. त्याला विजेचीही काळजी होती.

झडप अर्धी बंद झाली. पंधरा दिवसांत वाफा असा सावरला की विचारू नका. मुठीत गोळा राहायला लागला, बाहेर जाणारी हवा पाचवर आली. तिने त्या दिवशी सगळ्यांना चहा पाजला. आणि आत येणारी हवा? ती तर वाढणारच. हॉलमधली हवा कमी ओढली तर जी उरेल ती दाट होणार, हे काय कोणी वेगळं सांगायला हवं? अडीचशेचे चारशे झाले. थंडीत खिडक्या लावल्या तेव्हा सहाशे.

तिने ते पाहिलं. पाहिलं आणि तिला आनंद झाला. सहाशे खाऊन पाच बाहेर सोडतात, काय ताकद म्हणायची माझ्या मंडळींची! आता तुम्ही म्हणाल, बाई एवढी कशी आंधळी. पण दोन वर्षं ती त्या रकान्याकडे वाफ्याच्या बाजूनेच बघत होती. आत येणारी हवा म्हणजे जंतूंचा घास, बस. तोच घास शंभर पावलांवर माणसांच्या नाकातून जातोय, तिच्या स्वतःच्या नवऱ्याच्या नाकातून जातोय, हे तिच्या डोक्यात आलंच नाही. आणि ज्यांच्या डोक्यात यायला हवं होतं, ते मोठे पगार घेऊन गप्प होते.

मग एक दिवस मॅनेजरने वही चाळली आणि त्याचा चेहराच उतरला.

"हे काय लिहिलंय?"

"जे आहे ते."

"अहो, परवानगीत तीनशेची मर्यादा आहे. तपासणीवाल्यांनी सहाशे पाहिले तर मशीन बंद करायला लावतील. पहिलं कुठलं बंद होईल? सगळ्यात जुनं. त्याच्यावर कोण असतं?"

तिची नजर हॉलच्या दाराकडे गेली.

"बाहेर शुद्धच जातंय ना? मग आत काय येतं त्याच्याशी कोणाला काय करायचंय? आकडा दोनशेच्या आत ठेवा. कागदावर फक्त." आणि ती वही काखेत मारून तो गेला. दुसऱ्या दिवशी टेबलावर कोरी वही होती.

तिने एकशे ऐंशी लिहिलं. रोज तेच दिसू नये म्हणून कधी एकशे पंच्याहत्तर, कधी एकशे त्र्याऐंशी. खोटं लिहितानाही बाईने नीटनेटकेपणा सोडला नाही. मशीन वाचलं, नवऱ्याचं काम वाचलं, वाफाही छान राहिला. असं तिने चार वर्षं लिहिलं.

त्या चार वर्षांत रंगारी ढासळला. आधी रंग चुकायला लागले. ज्या माणसाला वजनकाटा लागत नव्हता तो पिवळ्याच्या जागी निळा ओतून बघत राहायचा. मग घरी यायचा रस्ता चुकला. हात थरथरायला लागले. लेकीवर ओरडायचा, आणि आपण का ओरडलो ते न कळून रडायचा. पाळी संपवून निघायचा तेव्हा पाय एकीकडे आणि तो एकीकडे. अंगाला थिनरचा भपकारा तर होताच. लोकांना काय, जिभेला हाड असतं थोडंच! रंगारी प्यायला लागला, असं बोलायला लागले. ज्याने जन्मात बाटलीला हात लावला नाही तो! सख्खा भाऊ घरी येऊन तिला म्हणाला, "वहिनी, झाकून ठेवू नका. कुठे लपवतो तेवढं सांगा."

"भावजी, चहा घेणार असाल तर बसा," ती म्हणाली, "नाहीतर दार उघडंच आहे."

कारखान्याने त्याला काढलं. पत्रात लिहिलं, कामावर मद्यपान. तिला मात्र ठेवलं. वाफ्यात हात घालणारं दुसरं कोण मिळणार होतं?

आणि मग जे झालं ते तिला सगळ्यात जड गेलं. रंगाऱ्याला काही आठवत नसे, त्यामुळे लोक म्हणतात तेच त्याला खरं वाटायला लागलं. एका संध्याकाळी तो तिच्यापुढे हात जोडून उभा राहिला. "मला माफ कर गं. मी पुन्हा पिणार नाही."

"अहो, तुम्ही कधीच प्यायला नाहीत."

"असं म्हणून तू मला पाठीशी घालतेस," तो म्हणाला आणि तोंड फिरवून बसला. दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा हात जोडलेच. रोजचंच झालं ते.

मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरने सगळं नीट विचारलं. चोवीस वर्षं थिनर, उघडे हात, बंद खिडक्या. तो म्हणाला, "ही दारू नव्हे. थिनरने मेंदूवर परिणाम झालाय. बरे होतील असं मी सांगत नाही. पण कामगारांच्या आजारांचं मंडळ असतं, त्यांच्याकडून लिहून घ्या." आजार कामामुळे झाला, ही एक ओळ. तिला दुसरं काही नको होतं. ती ओळ शिक्क्यासकट चौकटीत लावायची आणि तो हात जोडून उभा राहिला की बोट दाखवायचं, एवढंच तिने मनात धरलं होतं.

"पण हॉलमध्ये वाफ किती होती, त्याचा पुरावा लागेल," डॉक्टर म्हणाला होता.

घरी येऊन लेक अर्ज लिहायला बसली. लिहिता लिहिता थांबली. "आई, तुझ्या वाफ्यात जी हवा येते ती कुठून येते?"

"हॉलमधून. दुसरीकडून कुठून येणार?"

"अगं, मग तुझ्याकडे तर रोजचा आकडा आहे! बाबा काय घेत होते नाकातून, ते तूच लिहून ठेवलंयस!" लेक आनंदाने उठून उभी राहिली.

आणि तिने लेकीच्या हातातलं पेन काढून घेतलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिला तो रकाना पलीकडच्या बाजूने दिसला.

"किती लिहिलंस?" लेकीने विचारलं.

"एकशे ऐंशी."

"आणि होतं किती?"

"सहाशे. झडपही मीच बंद करायला सांगितली."

लेक रागावली असती तर बरं झालं असतं. ती रागावली नाही. एवढंच म्हणाली, "तिथे सांगशील ना?"

"सांगेन."

मंडळाच्या खोलीत लांब टेबल होतं, पलीकडे तीन माणसं, मधल्या खुर्चीत एक डॉक्टरबाई, आणि कोपऱ्यात बोललेलं लिहून घेणारा कारकून. रंगाऱ्याला इस्त्रीचा शर्ट घालून आणलं होतं. तो सगळ्यांकडे बघून हसत होता. मॅनेजरने वही पुढे सरकवली. चार वर्षांची पानं, एक खाडाखोड नाही.

डॉक्टरबाईंनी सावकाश चाळली. "एकशे ऐंशीला माणसाचं असं होत नाही. हे अक्षर कोणाचं?"

"माझं."

"मग?"

"आकडे खोटे आहेत. सहाशे असायचे. मॅनेजरसाहेबांनी लिहायला लावले आणि मी लिहिले."

"खरे कुठे आहेत?"

"आधीच्या वहीत. ती साहेब घेऊन गेले."

"कसली वही?" मॅनेजरने कानांवर हात ठेवले.

डॉक्टरबाईंनी चष्मा काढला. बाई वाईट नव्हत्या. "बघा, चार वर्षं खोटं लिहिलं असं तुम्हीच म्हणता. आज घरच्या माणसाचा प्रश्न आहे, तर खरं सांगते म्हणता. मी कुठलं धरू?"

ती तोंड उघडणार, तेवढ्यात रंगारी उठला. टेबलाला धरून उभा राहिला, हात लटलट कापत होते. इतका वेळ काय चाललंय ते त्याला कळलं नव्हतं. कळलं ते एवढंच, की कोणीतरी त्याच्या बायकोला खोटारडी म्हणतंय.

"बाईसाहेब, माझी बायको खोटं लिहीत नाही," तो म्हणाला. किती महिन्यांनी त्याचा आवाज असा ठणठणीत निघाला होता. "तिची वही मी कारखानाभर दाखवलीय. तिने एकशे ऐंशी लिहिलंय ना, मग एकशे ऐंशीच होतं."

"अहो, बसा," ती म्हणाली. "तुम्हाला माहीत नाही, बसा."

"तू गप्प बस. माझ्यासाठी तू स्वतःवर आळ घेतेस, मला कळत नाही होय? मी पीत होतो, बाईसाहेब. मला आठवत नाही, पण मी पीत असणार. तिला काही म्हणू नका."

कारकुनाने ते शब्दन्‌शब्द उतरवून घेतलं. रंगारी खाली बसला आणि त्याने तिचा हात हातात घेतला. आपण तिला वाचवलं, याचा त्याला केवढा आनंद झाला होता.

पंधरवड्याने निकाल आला. आजार कामामुळे झाल्याचा पुरावा नाही, कामगाराने मद्यपानाची कबुली दिली आहे. ओळ मिळाली खरी, पण कुठली मिळाली बघा.

पत्र वाचलं आणि ती रोजच्या वेळेला कामावर गेली. झडप चार वर्षांत गंजून घट्ट बसली होती. दोन्ही हातांनी लटकून तिने ती पूर्ण उघडली. तिसऱ्या दिवशी आत येणारी हवा दोनशे चाळीसवर आली, आणि हॉलमधला एकजण पाणी प्यायला बाहेर आला तेव्हा म्हणाला, "काय माहीत, आज डोकं हलकं वाटतंय." तिने पाणी मारायचं सोडलं नाही. सकाळ-संध्याकाळ जिवाचं रान केलं. पण तेवढ्या वाऱ्याला तो वाफा लहानच होता, पहिल्यापासून लहान होता. आठव्या दिवशी भेगा पडल्या. तिने लिहिलं, आत येणारी दोनशे चाळीस, बाहेर जाणारी एकशे दहा, वास आहे.

नवव्या दिवशी भिंतीपलीकडून फोनवर फोन. दुपारपर्यंत तपासणीवाले हजर, मॅनेजर हजर, कुंड्यांवाल्या घरांतले दोघे नाकाला रुमाल लावून हजर. तीस माणसांना चोवीस वर्षं लागली आणि तरी ऐकू गेलं नाही. यांना आठ दिवस पुरले.

"वाफा का मारलात?" मॅनेजर सगळ्यांसमोर ओरडला.

"मारला नाही. एवढ्या माणसांना हा पुरत नाही, याच्या तिप्पट बांधायला हवा. तोवर माणसं मारायची की वाफा, ते तुम्ही ठरवा."

त्यांनी ठरवलं. चार वर्षं खोटे आकडे लिहिल्याची कबुली मंडळापुढे दिलेली होतीच, त्याच कारणावरून तिला त्या दिवशी काढलं. कबुली दारूची असली की खरी धरायची, आकड्यांची असली की मंडळाला ती खोटी आणि नोकरी घालवायला मात्र खरी. असला न्याय! झडप परत अर्धी बंद झाली. वाफा महिन्याभरात सावरला म्हणे. नवा माणूस ठेवलाय, तो हातमोजे घालून मूठ भरतो.

आता ती घरीच असते. संध्याकाळ झाली की रंगारी विचारतो, "वाफा कसा आहे?"

"छान आहे."

"ओल?"

"मुठीत गोळा राहतो."

मग त्याचा चेहरा पडतो, तो उठतो आणि तिच्यापुढे हात जोडतो. मला माफ कर गं, मी पुन्हा पिणार नाही. ती कपाटातून एक वही काढते. मंडळाने दिली नाही ती ओळ तिने तिच्यात स्वतः लिहिलीय, मोत्यासारख्या अक्षरात. हे कधीही प्यायले नाहीत, आजार कामामुळे झाला.

तो वही उजेडात धरतो, एक डोळा बारीक करतो. "हे तू लिहिलंस?"

"हो, मी."

"मग खरंच असणार," तो म्हणतो, आणि त्या संध्याकाळपुरता शांत होऊन जेवायला बसतो. दुसऱ्या दिवशी त्याचे हात पुन्हा जोडलेले असतात, आणि ती पुन्हा कपाट उघडते.